खंडेनवमीचं पत्र, सायकलवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

आज खंडेनवमी. पाने, पक्कड, स्पोक आवळायची निपलची चावी, चेन तोडायचं यंत्र, सगळं रॉकेलनं पुसून पाटावर मांडलं असेल आणि त्यावर झेंडू वाहिला असेल. आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणजे पत्र वाचायला तुम्हाला वर्षातला हा एकच निवांत दिवस. म्हणून आजच लिहितोय.

आम्ही म्हणजे रविवारी पहाटे रंकाळ्यावर जमणारी मंडळी. कधी कळंबा, कात्यायनी करून परत, कधी जोतिबा, आणि पायात रग असली तर पन्हाळा. शर्यतवाले कुणी नाही, हौशी सगळे. सायकल दुरुस्त करून देणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. पण खराब झालेला भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देणारे आणि "हे असं का झालं, सांग बघू" म्हणून अडवणारे तुम्हीच. उत्तर चुकलं की सायकल परत स्टँडवर. आभार आहेत ते त्या प्रश्नाचे. दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतलेत, ते मिटलं.

पंक्चरचंच घ्या. ट्यूब बाहेर काढायच्या आधी व्हॉल्व्हपाशी टायरवर खडूची खूण करायची, हे तुमच्याकडं बघून कळलं. परातीत बुडबुडे दिसले की ट्यूब त्याच खुणेवर टायरशेजारी धरायची. छिद्र जिथं, तिथंच टायरमध्ये गुन्हेगार. बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर बाभळीचा काटा, नाहीतर तार. हमरस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून टायरच्या आतून जुन्या बनियनचा बोळा फिरवायचा. जिथं धागा अडकेल तिथं चिमटा. छिद्र आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर काट्याला दोष देऊ नये, रिमची पट्टी सरकून निपलचं भोक उघडं पडलेलं असतं किंवा स्पोकचं टोक वर आलेलं असतं. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेचली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप मारणारा त्यावर रेलला होता. तिथं पॅच बसत नाही, ट्यूब बदलायची.

पॅच सुटतो त्याची कारणंही तुमच्याकडून पाठ झाली. काचपेपर पॅचपेक्षा बोटभर जास्त जागेवर घासायचा. ट्यूबवरची उभी शीव मध्ये येत असेल तर ती घासून सपाट करायची, नाहीतर तिच्या कडेनं हवा सरकते. सोल्यूशन पातळ लावायचं आणि थांबायचं, चांगली पाच मिनिटं, चकाकी जाईपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला की आतला द्राव बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पॅच तिथंच पोहत राहतो. घाई असलेल्या माणसाला तुम्ही या पाच मिनिटांत चहा आणायला पाठवता, हेही लक्षात आलंय. टायर परत चढवताना ट्यूबमध्ये थोडी हवा, सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि शेवटची वीतभर कड अंगठ्यानंच. तिथं लिव्हर घातली की नवं पंक्चर आपणच करून घेतो.

हवेबद्दल तुमचा कडकपणा आधी जाच वाटायचा. "दाबून बघतोस कशाला, काटा बघ की." अंगठ्यानं दाबून चाळीस आणि साठ पीएसआयमधला (हवेच्या दाबाचं माप) फरक कळत नाही, हे खरंच आहे. आता आमच्याकडं काटावाला पंप आहे आणि त्याच्या दांड्यावर तुमचे आकडे चिकटवलेत: सातशे बाय अठ्ठावीसच्या टायरला ८० च्या आसपास, हायब्रिडच्या पस्तीस-चाळिशीच्या टायरला ५० ते ६०, डोंगरी सायकलच्या दोन इंची टायरला ३० ते ४०. वजनदार माणसाला थोडी जास्त, पावसात पाचेक कमी. टायरच्या कडेवर छापलेला वरचा आकडा ही मर्यादा आहे, रोजची हवा नव्हे, हेही तुम्हीच सांगितलंत. जुन्या काळ्या सायकलच्या वालट्यूबचं काम निराळं. ती रबरी नळी उन्हानं चिकटली की पंक्चर नसतानाही रात्रीत चाक बसतं. आजोबांची सायकल घेऊन येणाऱ्याला तुम्ही दोन-चार रुपयांची वालट्यूब घालून परत पाठवता, यावरून तुमच्या धंद्याचं गणित आम्हाला अजून उलगडलेलं नाही.

चेनवर तर तुमचं वेगळं प्रेम. बाजारात चेन मोजायची गेज मिळते, तुम्ही फूटपट्टी वापरता. एका पिनेच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या की नवी चेन बरोबर १२ इंच. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की चेन बदलायची. एक सूत वाढेपर्यंत वापरली तर चेनबरोबर फ्रीव्हीलही गेलं, कारण दाते त्या वाढलेल्या मापाला झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते. चेन ताणली जात नाही, पिना आणि त्या जिथं फिरतात ती कड्यांची भोकं झिजतात. हे कळल्यावर तेल कशासाठी घालायचं तेही कळलं: बाहेरून चमकायला नव्हे, पिनेपर्यंत पोचायला. म्हणून प्रत्येक रोळावर एकच थेंब, पायडल उलटं दहा-पंधरा वेळा फिरवायचं, थोडा वेळ थांबून फडक्यानं चेन कोरडी वाटेपर्यंत पुसायची. बाहेर राहिलेलं तेल काळी माती धरतं आणि ती माती काचपेपरचं काम करते. गाडीचं जळकं ऑईल आणि ग्रीस, दोन्ही चेनला बंद. गंज सोडवायचा फवारा मारून "तेल घातलं" म्हणणाऱ्यांना तुम्ही कसं बघता ते इथं लिहीत नाही.

आता घाटाचं. पन्हाळ्याला चढताना दमछाक होते एवढंच. जे बिघडायचं ते उतरताना बिघडतं. ब्रेक-शूची फट दोन मिलिमीटर, शू रिमवर पूर्ण बसलेला, वर टायरला घासत नाही आणि खाली स्पोककडं लोंबत नाही. पुढची कड किंचित आधी टेकावी म्हणून मागच्या कडेखाली लग्नपत्रिकेचा दुमडलेला तुकडा ठेवून नट आवळायचा (लग्नसराई संपली तरी तुमच्या खणात पत्रिका असतातच). असं केलं नाही तर ब्रेक किंचाळतो. किंचाळण्याऐवजी खरखर येत असेल तर शूमध्ये वाळूचा कण किंवा रिमच्याच धातूचा कपचा रुतलेला असतो, सेफ्टीपिननं उकरून काढायचा. नाही काढला तर रिमवर चर पडते, आणि रिम काही शूच्या किमतीत येत नाही.

उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. सलग धरला की रिम आणि शू तापतात आणि वाघबिळापर्यंत येईतो ब्रेक नीट धरत नाही. वळणाच्या आत शिरण्याआधी वेग उतरवायचा, वळणात नव्हे. पुढचा ब्रेक जास्त काम करतो कारण उतारावर वजन पुढं येतं. पण म्हणून तो एकटा आवळायचा नाही, कुल्ले सीटवर मागं सरकवून दोन्ही एकत्र. पावसात रिम-ब्रेकवाल्यानं आणखी आधी सुरुवात करायची. पहिले एक-दोन फेरे शू फक्त पाणी पुसत असतो. डिस्कवाल्यांना तुमची एकच धमकी: तबकडीला तेलकट बोट लावलंत तर इथं येऊ नका.

गिअरच्या बाबतीत तुम्ही आम्हाला मुद्दाम थोडंच शिकवलंत. चेन मोठ्या दात्यावर चढायला कुरकुरत असेल तर मागच्या डिरेलरपाशी (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबलचा गोल स्क्रू उलटा, घड्याळाच्या विरुद्ध, पाव फेरा. उतरायला कुरकुरत असेल तर सुलटा. त्यानं भागलं नाही तर हँगर, म्हणजे डिरेलर जिला टांगलेला असतो ती पट्टी, वाकलाय का बघायचं, आणि बाकीच्या दोन स्क्रूंना हात लावायचा नाही. सायकल उजव्या बाजूवर पडली की हँगर वाकू शकतो. मग सगळ्यात हलक्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि घाटात चाकाचा कडबा होतो. गवतावर आडवी ठेवायची तर गिअरची बाजू वर.

२०१९ आणि २०२१ च्या पुराबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गाळानं भरलेल्या सायकली बाहेर आल्या आणि बहुतेकांनी केलं ते असं: पाण्याचा पाईप मारला, उन्हात ठेवली, वरून तेल सोडलं. महिन्याभरात चाकं दळण दळल्यासारखी वाजायला लागली. कारण गाळ आत राहिला होता. तुम्ही दुकानापुढं खडूनं लिहिलं होतं ते आमच्यातल्या एकानं उतरवून घेतलं होतं, पुन्हा कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून इथं देतो. आधी सीटचा दांडा काढा आणि फ्रेम उलटी करा, नळीत साठलेलं पाणी पडू द्या. मग दोन्ही हब, बीबी (पायडलच्या दांड्याचं बेअरिंग) आणि हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) खोला. नुसतं चाक फिरतंय म्हणून समाधान मानू नका. कोन आणि वाट्या रॉकेलमध्ये धुऊन पुसा, वाटीत नखाला लागेल असा खड्डा असेल तर ती गेली. छर्रे जुने एकही परत घालू नका, सगळा संच नवा: मागच्या चाकाला प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ, पुढच्याला बहुधा दीड सुती दहा. वाटीत ग्रीस भरा, छर्रे त्यात रोवा. कोन आवळताना हातानं फिरवल्यावर खरखर नको आणि हलवल्यावर खेळही नको. क्विक रिलीजच्या चाकाला बाहेर अगदी किंचित खेळ ठेवा, सायकलीत आवळल्यावर तो जातो. केबलची आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही बदला, गंज आधी कव्हरच्या आत धरतो.

त्या दिवसांत तुम्ही शाळेच्या पोरांच्या सायकली आधी घेतल्यात आणि आमच्या महागाच्या शेवटी. तेव्हा थोडी चिडचिड झाली होती, खोटं कशाला बोला. आता नाही.

खोक्यातून आलेल्या सायकलींचंही तुमच्याच माथी येतं. घरी बसून जोडतात आणि डावं पायडल जबरदस्तीनं आवळतात. डाव्याचे आटे उलटे असतात हे खोक्यावर कुठं तरी बारीक अक्षरात असतं, वाचतो कोण? दोनशे किलोमीटरनंतर क्रँकमधले आटे सोलून पायडल हातात येतं. तुमची खूण सोपी आहे: पाना वर उभा धरा, पुढच्या चाकाकडं ढकलला की आवळतं, मागच्या चाकाकडं ओढला की सुटतं, दोन्ही बाजूंना सारखंच. आट्यांना चिमूटभर ग्रीस, पहिले तीन-चार फेरे बोटांनी. बोटानं फिरत नसेल तर वाकडं लागलंय, पाना घेऊ नका.

गुडघे दुखतात म्हणून येणाऱ्यांनाही तुम्ही औषध देता, पाना क्रमांक पाचचा. टाच पायडलवर, पायडल तळाला, पाय सरळ, एवढी सीटची उंची. चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवायची आणि दांड्यावरची रेघ बाहेर दिसू द्यायची नाही. निम्म्या कोल्हापूरची सीट खाली आहे, असं तुम्ही म्हणता. रंकाळ्यावर उभं राहून बघितलं तर निम्म्याहून जास्तच वाटतं.

उद्या दसरा. नंतर कारखान्यांची धुराडी पेटतील आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील, एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, बऱ्याचशा मागचा दिवा नसलेल्या. पहाटे निघताना मागं लाल दिवा आणि पुढं पांढरा, हे तुमच्या सांगण्यावरून आमच्याकडं सक्तीचं झालंय. दिवा नाही तो घरी परत. ट्रॉलीच्या मागं चिकटून जायचं नाही, कारण मोळी सुटली तर ऊस थेट पुढच्या चाकात येतो. रस्त्यावर चिरडलेल्या उसाचा रस आणि पहाटेचं दव एकत्र आलं की डांबर शेवाळासारखं होतं. तिथं ब्रेक नाही, वळण नाही, हँडल सरळ. सीझनभर बाहेरच्या टायरवर लक्ष, कारण ट्रॉल्यांच्या साखळदंडांचे खिळे-तुकडेही त्याच कडेला पडतात जिथून आपण जातो.

तुमच्या दुकानातल्या पुड्या आम्ही टाकल्या नाहीत. झिजलेले शू, दाते गेलेलं फ्रीव्हील, चाळीसेक तुटके स्पोक, सगळं एका डब्यात आहे. नवं कुणी रविवारी आलं की डबा त्याच्यापुढं ओततो आणि विचारतो, हे असं का झालं, सांग बघू.

आपली,
रविवारची सायकल मंडळी, कोल्हापूर

ता. क. तुमचा १५ नंबरचा पातळ पाना गेल्या महिन्यापासून आमच्याकडं आहे. आज पूजेत तो दिसला नसेल. इथं पूजेला लावलाय, हळदकुंकू वाहिलंय. परवा आणून देतो.