लिव्हर फ्लूकची लस आणि उडवीतला पेंढा

महोदय,

लाळ-खुरकुताची लस आहे, घटसर्पाची आहे, मग लिव्हर फ्लूकची का नाही, असे कोकणातले गोठेवाले हमखास विचारतात. कृमींवर लस होतच नाही असे नाही; गुरांच्या फुप्फुसकृमीची लस ब्रिटनमध्ये १९५९ पासून आहे. पण यकृतातला हा पानासारखा चपटा कृमी महाचिवट. त्याच्या अंगावरचा थर काही तासांत गळतो, तोही चिकटलेल्या प्रतिपिंडांसकट. शिवाय तो कॅथेप्सिन एल नावाचे विकर सोडतो, ते प्रतिपिंडे तोडते. याच विकरापासून केलेल्या लशीने एका चाचणीत गुरांमधले कृमी निम्म्याच्या आसपास घटले, पण असे यश पुढच्या चाचण्यांत टिकत नाही.

त्यातही बहुतेक काम थंड प्रदेशातल्या फॅसिओला हेपॅटिका या फ्लूकच्या जातीवर झाले आहे. आपल्याकडचा फॅसिओला जायगँटिका वेगळा. इंडोनेशियातल्या बारीक शेपटीच्या मेंढ्या जायगँटिकाला पुरून उरतात, हेपॅटिकाला मात्र बळी पडतात. तेव्हा तिकडची लस इकडे चालेलच असे धरून चालणार नाही. कोकण कपिला गाईंवर आणि इथल्या म्हशींवर वेगळ्या चाचण्या हव्यात.

तोवर भिस्त पेंढ्यावर आणि डोसाच्या वेळेवर. गोगलगायीतून निघालेल्या या कृमीच्या अळ्या भाताच्या बुंध्याला, पाण्याच्या रेषेलगत, कवच करून चिकटतात. म्हणून पेंढा तीन दिवस कडक उन्हात वाळवावा आणि बुडखा गव्हाणीत टाकू नये. दमट पेंढ्याची उडवी रचली, तर आतल्या ओलीत ही कवचे महिनोन्महिने जगतात.

दिवाळीला पाजलेले ऑक्सिक्लोझानाईड हे कृमीनाशक पित्तनलिकेतले प्रौढ कृमी मारते. कापणीनंतर खाचरात चरताना पोटात गेलेले कोवळे कृमी त्या वेळी यकृत पोखरत असतात; ते सुटतात आणि ३-४ महिन्यांत प्रौढ होतात. त्यामुळे खरा डोस फेब्रुवारीतला. मात्रा किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, पण वजन डोळ्यांनी ठरवले की हटकून कमी पडते. छातीचा घेर आणि अंगाची लांबी इंचांत मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. गाभण आणि दुभत्या जनावरांचे पशुवैद्यकाला विचारूनच.

जबड्याखाली पाणी उतरेपर्यंत थांबू नये, आधीच शेण तपासावे. मात्र मिठाच्या पाण्यात तरंगवून नव्हे. फ्लूकची अंडी जड असतात, तळाशीच राहतात आणि अहवालात ‘कृमी नाहीत’ असे येते. गाळ बसवूनच तपासणी व्हावी, असे चिठ्ठीवर लिहून मागावे.

— एक पशुवैद्यक, जि. रत्नागिरी