बंड्या, ॲडव्हान्स इतक्यात देऊ नकोस

प्रिय बंड्या,

नव्या फ्लॅटच्या चावीचा फोटो येऊन 3 आठवडे झाले आणि मी साधं उत्तरही दिलं नाही. चुकलंच माझं. चाळीतल्या त्या खोलीत तुम्ही पाचजण कसे झोपायचात ते मी पाहिलंय, त्यामुळे तो फोटो बघून मला काय वाटलं ते तुला सांगायला नको. इकडे सगळे बरे, खोकला गेला.

पण काल तू पाठवलेलं सुताराचं फर्निचरचं कोटेशन वाचलं आणि झोप उडाली. 'संपूर्ण वन बीएचके, 3,85,000'. तुझ्याकडे आहेत 3 लाख. वरच्या 85,000 साठी पर्सनल लोन काढणार? घराचा हप्ता चालू असताना? नको रे.

त्या 3 लाखांतले 50,000 आधीच वेगळे ठेव. पंखे, ट्यूब, गीझर, एक्झॉस्ट, पडद्यांचे रॉड, मच्छरजाळ्या, कपडे वाळत घालायच्या दांड्या, यातलं काहीही कोटेशनात नाही आणि राहायला गेल्या दिवशी हे सगळं लागतं. आणखी 30,000 अडीअडचणीला. उरले 2,20,000. त्यात भिंतीला ठोकायचं ते आधी कर, म्हणजे ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि कपाट. मग पलंग, गादी. सोफा, टीव्ही युनिट सहा महिन्यांनी. तोवर हॉलमध्ये सतरंजी टाका, वास्तुशांतीला माणसं खालीच बसतात.

आता कपाट बघ. 6 बाय 7 म्हणजे 42 चौरस फूट, वर 2 फुटी लॉफ्टचे 12, एकूण 54. सुताराने 63 धरलेत. 1,400 च्या दराने वरच्या 9 फुटांचे 12,600 होतात. हे 9 फूट कुठून आले ते विचार त्याला. एवढ्या कपाटाला, लॉफ्ट सोडून, 18 मिमीच्या साधारण 6 शीट लागतात आणि पाठीला 6 मिमीच्या 2. कोटेशनात नुसतं 'चांगला प्लाय' लिहिलंय, ते चालणार नाही. ट्रॉल्यांना आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, कपाटाला आयएस 303 चा बीडब्ल्यूआर म्हणजे ओलाव्याला टिकणारा प्लाय, असं बिलावर लिहून घे. शीट आल्या की शिक्का बघ, कापलेल्या कडेत पोकळी दिसते का बघ, आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात पेनाने सही कर, म्हणजे रात्रीत बदलणार नाही. दाराला बाहेरून 1 मिमी लॅमिनेट लावलं तर आतूनही लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, हवाच. एकाच बाजूला लावलं की दार वाकतं, मग बिजागऱ्या कितीही आवळ.

कपाट बाथरूमच्या भिंतीला टेकवणार आहेस, ते सगळ्यात वाईट. बदलापूरचा पाऊस, त्यात नवं प्लास्टर. पहिल्याच पावसाळ्यात पाठ बुरशीने काळी पडेल. समोरची भिंत घे.

आणि पलंग! कूलरचं भांडण परत उकरत नाही, पण खिडकी तेव्हाही मोजली नव्हतीस. खोली 120 इंच. गादी 78, कपाट 24, उरले 18. हेडबोर्डने 4 खाल्ले की 14. कपाटाचं दार 18 इंचाचं, म्हणजे ते पूर्ण उघडणारच नाही. पलंग आडवा फिरवलास तर गादीची रुंदी 60 धरावी लागेल आणि कपाटापुढे 36 इंच मिळतील. आधी जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून पलंग आणि कपाट आखून घे. उघडलेल्या दाराचंही एक पान चिकटव. मग वहिनीला त्यातून बादली घेऊन चालायला सांग.

इलेक्ट्रिकचे पॉइंट सुताराच्या आधी, रंगाचा शेवटचा हात त्याच्यानंतर. पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग हवा, एसी आज घेणार नसलास तरी त्याची वायर आजच टाक. नंतर भिंत फोडायची म्हणजे रंगही गेला.

उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुला जवळ आहे. तयार पलंगाचा भाव तिथे काढ आणि सुताराच्या भावाशी ताडून बघ. ॲडव्हान्स 30 टक्क्यांच्या वर देऊ नकोस, शेवटचे 10 टक्के सगळी दारं, ड्रॉवर नीट लागल्यावरच. ऑफर दिवाळीपर्यंतच आहे म्हणून घाई करतोय तो. करू दे.

काकूंचा गुडघा कसा आहे? वहिनीच्या नव्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. चिंगीची परीक्षा झाली का?

शनिवारी खोल्यांची मापं पाठव, स्कर्टिंगपासून (भिंतीच्या तळाची पट्टी) स्कर्टिंगपर्यंत. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही लिही. रविवारी बसून कागदावर आखतो आणि सोमवारी तुला फोन करतो. तोवर त्याला पैसे देऊ नकोस.

तुझा,
दिनू