फुगवण्याचे लाइफ जॅकेट पाण्यात उतरण्याआधी उघडून पाहावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की गोव्यात मांडवी नदीचे गढूळ पाणी हळूहळू निवळू लागते आणि रायबंदर, चोडण, दिवाडी, कुंभारजुवे या पट्ट्यात कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. दक्षिणेला साळ नदीत आणि पाळोळेच्या समुद्रात, उत्तरेला नेरूल आणि शापोरा येथेही तेच चित्र दिसते. गेली नऊ वर्षे मीही रविवारी सकाळी वल्हे घेऊन पाण्यात उतरते, आणि शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे तरंगण्याच्या साधनांकडे बारकाईने पाहण्याची मला सवय आहे. छातीवर किंवा कमरेला बांधायची, गॅसने फुगणारी लाइफ जॅकेटे अलीकडे माझ्या पाहण्यात पुष्कळ येऊ लागली आहेत. त्यांच्याविषयीचे गैरसमज जीवावर बेतू शकतात, म्हणून हंगाम भरात येण्याआधी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या फेब्रुवारीतील एक प्रसंग सांगते. माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आला होता. कायाक माझ्याकडे जास्तीची होती, पण त्याच्या मापाचे जॅकेट नव्हते, म्हणून ते त्याने एका व्यावसायिकाकडून भाड्याने घेतले. कमरेच्या पट्ट्यावर जेमतेम वीतभर लांबीची पिशवी, आत घडी करून ठेवलेले जॅकेट आणि बाहेर लोंबणारी लाल मूठ, असे ते साधन होते. ‘बुडायला लागलात तर ही ओढा’, एवढीच सूचना त्याला मिळाली. दिवाडीच्या कडेने परत येताना फेरीबोटीची लाट आडवी आली आणि तो उलटला. ओहोटी लागलेली होती. त्याने मूठ ओढली, ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच घडले नाही. त्याने पुन्हा ओढली. “मावशी, काहीच होत नाही गं!” हे त्याचे ओरडणे मला अजून ऐकू येते. त्याला पोहता येत होते आणि उलटलेली कायाक त्याने सोडली नव्हती, म्हणून मी पोहोचेपर्यंत त्याने तग धरला. जॅकेट तोंडाने फुगवायची नळी त्याच पिशवीत असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

धक्क्यावर आल्यावर मी ती पिशवी उघडली, गॅसची बाटली फिरवून काढली आणि तिचे तोंड उजेडाकडे धरले. तोंडावरच्या पातळ पत्र्याला मधोमध, दाभणाने टोचावे तसे, स्वच्छ भोक पडलेले होते. ती बाटली आधीच कोणीतरी वापरली होती. त्यानंतर जॅकेटमधली हवा काढून, घडी नीट घालून, तीच रिकामी बाटली आत ठेवून पिशवी पुन्हा बंद केलेली होती आणि बाहेरून ती नव्यासारखी दिसत होती.

फोमच्या जॅकेटच्या बाबतीत असे होऊ शकत नाही. फोम फाटका असो, मळका असो, तो पाण्यात पडल्या क्षणापासून उचल देतो. फुगवण्याच्या जॅकेटला मात्र फुगेपर्यंत काहीच उचल नसते, आणि ते फुगण्यासाठी काही गोष्टी एकामागोमाग एक बिनचूक घडाव्या लागतात. मूठ ओढली की आतली सुई बाटलीचा पत्रा फोडते, बाटलीतला कार्बन डायऑक्साइड घडी केलेल्या पिशवीत भरतो आणि काही सेकंदांत जॅकेट ताठ होते. प्रौढांच्या छातीवरच्या जॅकेटात बहुधा ३३ ग्रॅमची बाटली असते. तिच्यातील वायू सुमारे १७-१८ लिटर जागा व्यापतो आणि साधारण १५० न्यूटन, म्हणजे १५ किलोच्या आसपास, उचल देतो. कायाकसाठी वापरल्या जाणाऱ्या फोमच्या जॅकेटची उचल सहसा ५० न्यूटनच्या आसपास असते. म्हणजे फुगलेल्या स्थितीत हे साधन खरोखरच सरस आहे, आणि ही बाटली रिकामी, सैल किंवा गंजलेली असेल तर त्या उचलीतले काहीही मिळत नाही.

या जॅकेटांच्या विरोधात मी मुळीच नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा मार्च-एप्रिलमध्ये जाड फोम अंगावर चढवून दोन तास वल्हवणे किती कठीण असते, हे मी दर वर्षी अनुभवते. घामाने भिजलेले ते जॅकेट काढून कायाकवर दोरीखाली खोचून ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि उलटल्यावर ते हाती लागेलच असे नसते. त्यापेक्षा हलके, हात मोकळे ठेवणारे जॅकेट अंगावर असणे केव्हाही चांगले. पण त्याची जबाबदारी घेणाऱ्यानेच ते वापरावे, एवढे माझे म्हणणे आहे.

ही जबाबदारी म्हणजे निघण्याआधीची दोन मिनिटे. पिशवी उघडावी, बाटली हाताने फिरवून घट्ट आहे का पाहावी, कारण हाताळणीत ती सैल होते आणि सैल बाटलीतला वायू जॅकेटमध्ये जाण्याऐवजी बाहेर निसटू शकतो. मग ती काढून तिच्या तोंडाचा पत्रा अखंड असल्याची खात्री करावी. सुईच्या यंत्रणेजवळ हिरवी खूण असते. ती तुटलेली किंवा नाहीशी झालेली असेल, अथवा तिच्या जागी लाल दिसत असेल, तर ते जॅकेट घेऊन पाण्यात जाऊ नये. माझ्या भाच्याच्या पट्ट्यावर ही हिरवी खूण नव्हतीच, आणि ती कशासाठी असते हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यानेही पाहिले नव्हते. बाटलीवर तिचे भरलेले वजन कोरलेले असते. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती ठेवून पाहावी आणि वजन कमी भरले तर नवी घ्यावी. नवी घेताना जॅकेटवर छापलेल्या ग्रॅमचीच आणि त्याच आट्यांची घ्यावी, कारण दुसऱ्या कंपनीची बाटली बसल्यासारखी वाटते आणि सुई तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

जॅकेटच्या पिशवीला बारीक छिद्र असेल तर मात्र बाटली कितीही चांगली असून उपयोग नाही. त्यासाठी नळीने तोंडाने फुगवून ते रात्रभर घरातच, जिथे ऊन-थंडीचा फारसा फरक पडत नाही अशा जागी, ठेवावे आणि सकाळी तितकेच ताठ आहे का हे दाबून पाहावे. मी हे हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर करते. आपल्याकडे या परीक्षेला विशेष महत्त्व आहे, कारण आपण खारफुटीच्या मुळांतून आणि जांभ्या दगडांच्या बांधांलगत वल्हवतो आणि त्या मुळांवर, दगडांवर कालवे चिकटलेली असतात. कालवाच्या शिंपीची धार ब्लेडसारखी असते. कायाकमधून उतरताना, चढताना, बांधाला धरताना जॅकेटचा कापडी भाग त्यावर घासला, तर बाहेरून न दिसणारी चीर आत पडू शकते. फोमला अशा चिरेने काही होत नाही.

पाणी लागताच आपोआप फुगणारी जॅकेटेही मिळतात. बेशुद्ध झालेल्या माणसाला मूठ ओढता येत नाही, त्यामुळे बोटीवर काम करणाऱ्यांसाठी ती उपयोगाची आहेत. मात्र त्यांपैकी अनेकांत पाण्याने विरघळणारी एक वडी असते, आणि आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत, किंवा वल्ह्यावरून सतत उडणाऱ्या तुषारांनी, ती नको तेव्हा विरघळून जॅकेट अचानक फुगू शकते. बंद कायाकमध्ये पाय आत घालून बसलेला माणूस उलटला आणि जॅकेट आतल्या आत फुगले, तर बाहेर निसटणे कठीण होते. म्हणून वल्हवणाऱ्यांनी हाताने ओढायचेच घ्यावे असे माझे मत आहे, आणि त्यामुळे बेशुद्धीची जोखीम उरते हे लक्षात ठेवून कधीही एकट्याने जाऊ नये. आपोआप फुगणारे कोणाकडे असेलच, तर त्या वडीवर छापलेली तारीख जरूर पाहावी.

मूठ ओढल्यानंतर काय होते याची कल्पना फार थोड्यांना असते. कमरेच्या पट्ट्याचे जॅकेट फुगल्यावर ते पुढे घेऊन डोक्यातून घालावे लागते. पट्टा पाठीमागे फिरलेला असेल, तर लाटांत हे करणे मुळीच सोपे नाही. छातीवरचे जॅकेट फुगले की गळ्याभोवती मोठी उशी तयार होते, ती तोंड पाण्याबाहेर धरते, पण पालथे पोहणे जवळपास अशक्य होते. अशा वेळी उताणे होऊन हातपाय मारावेत. त्या फुगवट्यासह कायाकवर परत चढणेही जमत नाही, कारण तो कडेला अडतो. नळीच्या तोंडाशी असलेली झडप दाबून थोडी हवा सोडावी, चढावे आणि मग फुंकून पुन्हा भरावी. हे सर्व भरतीच्या शांत पाण्यात, कमरेइतक्या खोलीवर, कोणाला तरी शेजारी उभे करून एकदा करून पाहिल्याशिवाय हातांना कळत नाही. मी ते पहिल्यांदा केले तेव्हा नळी शोधण्यातच माझा बराच वेळ गेला होता, आणि माझे पाय जमिनीला टेकलेले होते.

एक सूचना रेनकोट घालणाऱ्यांना. हे जॅकेट नेहमी सर्वांत वर घालावे. रेनकोटच्या किंवा घट्ट जर्सीच्या आत ते फुगले तर छाती आवळली जाते आणि श्वास घेणे अवघड होते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते गोड्या पाण्याने पुसून, सावलीत टांगून वाळवावे, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये, कारण तापलेल्या बाटलीतला दाब वाढतो.

ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी हे साधन नाही, हे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. गोव्यात कायाकमध्ये बसणारे बहुसंख्य पर्यटक पाण्यात पहिल्यांदाच उतरत असतात. पाण्यात पडल्यावर पहिल्या काही क्षणांत त्यांचे हात मूठ शोधत नाहीत, ते कोणाला तरी धरू पाहतात. त्यांना फोमचेच जॅकेट द्यायला हवे, त्यांच्या मापाचे, पट्टे आवळून, खांद्यांजवळ वर ओढले असता हनुवटीपर्यंत न सरकणारे. मुलांच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको. प्रौढांसाठीच्या फुगवण्याच्या बहुतेक जॅकेटांच्या लेबलावर १६ वर्षांखालील मुलांनी ती वापरू नयेत असे स्पष्ट छापलेले असते. पावसाळ्यात सत्तरी तालुक्यात म्हादई नदीवर राफ्टिंग चालते, तिथेही फोमच हवा, कारण खळाळत्या पाण्यात माणूस पुन्हा पुन्हा खाली ओढला जातो आणि दगडांवर आपटतो, आणि मूठ शोधायला त्याला उसंत मिळत नाही.

पर्यटन खात्याला आणि बंदर कप्तान खात्याला माझी विनंती आहे की, कायाक भाड्याने देणाऱ्यांच्या हंगामपूर्व तपासणीत प्रत्येक फुगवण्याच्या जॅकेटची पिशवी उघडून बाटली बाहेर काढून पाहावी, केवळ जॅकेटांची संख्या मोजू नये. जलक्रीडेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच गोव्यात आहे. या व्यावसायिकांच्या मदतनीसांसाठी तिथे अर्ध्या दिवसाचा वर्ग घेता आला, तर मूठ, नळी, झडप आणि हिरवी खूण या चार गोष्टी त्यांना ग्राहकाच्या हातात जॅकेट देताना दाखवता येतील. त्यांच्यापैकी बहुतेक जण नदीकाठचीच मुले आहेत, त्यांना ओहोटीची ओढ कुठे असते आणि फेरीबोटीची लाट कशी येते हे माझ्यापेक्षा जास्त कळते. या एका साधनाविषयी मात्र त्यांना कोणी शिकवलेले नाही, आणि त्याचा दोष मी त्यांच्यावर ठेवत नाही. जॅकेट भाड्याने घेणाऱ्या वाचकांनीही संकोच न करता ‘पिशवी उघडून दाखवा’ असे म्हणावे.

भाच्याच्या पट्ट्यातली ती भोक पडलेली बाटली मी त्या व्यावसायिकाला नवीची किंमत देऊन ठेवून घेतली आहे. तपासणीच्या किंवा प्रशिक्षणाच्या वेळी दाखवण्यासाठी ती कोणत्याही खात्याला उपयोगी वाटली, तर मी स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
एक वाचक, रायबंदर, तिसवाडी