काचेला बाहेरून ठिपके हवेत : सातारा जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सातारा यांस,
स. न. वि. वि.

महाबळेश्वर, पाचगणी, कासच्या वाटेवर नव्या बंगल्यांना भिंतभर काचा लागत आहेत. समोर झाड असले की काचेतही झाडच दिसते आणि पक्षी भरवेगाने त्याच्याकडे झेपावतो. कोपऱ्यातल्या दोन खिडक्यांतून आरपार बाग दिसली तर त्याला ती मोकळी वाट वाटते. जंगलात जमिनीलगत सुसाट उडणारा पाचू कवडा आणि पावसाच्या तोंडावर रात्रीचा प्रवास करून येणारा नवरंग अशा काचांवर आपटतात. धडकेनंतर उडून गेलेला पक्षी वाचलाच असे नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन तो पुढे कुठेतरी मरतो.

लोक काचेला ससाण्याचे एखादे चित्र चिकटवतात. त्याचा उपयोग नाही, पक्षी चित्र टाळून शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. खुणा सगळ्या काचेवर हव्यात, उभ्या-आडव्या 5 सेंमी अंतरावर, प्रत्येक ठिपका निदान 6 मिमी रुंद. त्या बाहेरच्या बाजूनेच हव्यात, कारण आतल्या खुणा प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. रांगोळीचा भोकांचा कागद 5 सेंमीवर टोचून घेतला की पांढऱ्या ऑइलपेंटने काम सरळ होते. काच आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, तेलकट धुळीवर रंग धरत नाही. पोस्टर कलर नको. तो पहिल्याच पावसात धुऊन जातो, आणि नवरंग येतात ते नेमके त्याच सुमारास. म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरकावे.

रंग नको असेल तर 3 मिमी जाडीच्या नायलॉन दोऱ्या बाहेरून 10 सेंमीवर उभ्या सोडाव्यात. चार फुटी खिडकीला 11 दोऱ्या, म्हणजे गाठींसह सुमारे 15 मीटर दोरी लागते. आपल्याकडच्या पावसाळी वाऱ्यात मोकळी टोके गुंततात, तेव्हा ती खाली बांबूच्या कामटीला बांधावीत. डासांची जाळीही चालते, मात्र ती काचेच्या बाहेर आणि पूर्ण चौकटीवर हवी. सरकत्या खिडकीची जाळी निम्मीच काच झाकते. आरसा-काच आणि चकाकणारी फिल्म सर्वांत घातक.

(बुलबुल किंवा दयाळ रोज त्याच काचेवर चोच मारत असेल तर तो विणीच्या दिवसांत स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो आहे. तेवढी काच काही आठवडे बाहेरून झाकावी.)

न्यूयॉर्क शहराने 2019 साली कायदा करून नव्या इमारतींच्या खालच्या 75 फुटांतली 90 टक्के काच पक्ष्यांना दिसेल अशीच असावी, असे ठरवले. आमची मागणी त्याहून लहान आहे. बांधकाम परवान्यासोबत वरील मापांचे एक पान द्यावे, झाडीतल्या भूखंडांवर आरसा-काच लावू देऊ नये आणि महाबळेश्वरच्या शासकीय विश्रामगृहांना येत्या मार्चमध्ये ठिपके द्यावेत.

त्या पानाच्या पाठीमागे एवढे छापावे : पक्षी आपटून पडला तर त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, मांजरापासून दूर ठेवा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. एक-दोन तासांनी खोके बाहेर नेऊन उघडा. उडाला नाही तर वनविभागाला 1926 वर कळवा.

आपले,
सातारा जिल्ह्यातील पक्षिनिरीक्षक