आधी नमुना तपासा, मग कंत्राट द्या

महोदय,

गोव्यातील सहकारी पतसंस्था, हॉटेले आणि सरकारी खाती हल्ली मोठ्या उत्साहाने स्वतःची मोबाइल ॲप करून घेत आहेत. मात्र त्यांच्या निविदा चाळल्या तर स्क्रीन किती, सुविधा किती आणि मुदत किती, एवढाच हिशेब बहुधा आढळतो. ॲप वापरणारा माणूस कोण आणि तो कुठे अडतो, हे काम सुरू होण्यापूर्वी पाहण्यासाठी क्वचितच तरतूद असते. हा खर्च चैनीचा समजला जातो, आणि माझ्या मते खरी उधळपट्टी तिथूनच सुरू होते.

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात असल्यामुळे बार्देशातील एका पतसंस्थेची गत मी जवळून पाहिली आहे. नोंदणी करताना सभासद ओटीपी पाहण्यासाठी ॲपबाहेर जात आणि परत येईपर्यंत भरलेला अर्ज कोरा झालेला असे. पत्त्यात ‘रस्ता’ हा रकाना सक्तीचा होता, गावातील वाड्याच्या (वस्तीच्या) नावासाठी जागाच नव्हती, आणि घर क्रमांकातील तिरकी रेघ तर ॲप स्वीकारतच नव्हते. जुन्या दाखल्यावरचे पोर्तुगीज धाटणीचे आडनाव आधार कार्डाशी जुळेना, म्हणून ज्येष्ठ सभासदांचे अर्ज परत आले. शेवटी मंडळी पुन्हा शाखेत रांग लावू लागली आणि ॲपची देखभाल व कर्मचाऱ्यांचा जादा वेळ असा दुहेरी भुर्दंड संस्थेला बसला.

यातील बहुतेक अडचणी फिग्मासारख्या, स्क्रीनचे आराखडे करण्याच्या साधनात काही दिवसांत तयार होणाऱ्या, बोटाने चालवता येणाऱ्या पण आत कोड नसलेल्या नमुन्यावरच उघड झाल्या असत्या. पाम पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स तर यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन वावरत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते की, केवळ ५ जणांसोबत चाचणी घेतली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात. हे प्रमाण सर्वत्र तंतोतंत लागू पडेल असे नाही, आणि सत्तरी तालुक्यातील बागायतदार व कळंगुटचा हॉटेलचालक यांना एकाच पाचांत बसवणेही योग्य नव्हे. तरीही दोन्ही गटांची चाचणी धरून येणारा खर्च तयार ॲप उसवून पुन्हा शिवण्यापेक्षा कमीच असतो.

‘वार्षिक सभेत आम्ही सभासदांना विचारले होते’ असे उत्तर संचालकांकडून मिळते. सभेत माणूस भिडेपोटी ‘बरे आहे’ म्हणतो. शेजारी बसून त्याला अर्ज भरू दिला, की त्याचे बोट कुठे थबकते ते दिसते.

म्हणून माझी सूचना अशी की, संस्थांनी व सरकारी खात्यांनी निविदा दोन टप्प्यांत काढावी. पहिल्या टप्प्यात वापरकर्त्यांच्या भेटी व मराठी, कोकणी आणि इंग्रजी नमुन्यांची चाचणी यांसाठी स्वतंत्र मोबदला ठेवावा, चाचणीचा अहवाल संचालक मंडळापुढे मांडावा आणि त्यानंतरच बांधणीचे कंत्राट द्यावे. नमुना नापास ठरला, तर काम तिथेच थांबवण्याची मुभाही करारात लेखी असावी.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, म्हापसा