पिरेस म्हणजे फक्त फातोर्ड्याचे आठ सामने नव्हेत

संपादक महोदय,

आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या) परदेशी खेळाडूंवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात फ्रेंच फुटबॉलपटू रॉबर्ट पिरेसला ‘निवृत्तीनंतर आलेला पाहुणा’ म्हणून एका ओळीत निकालात काढले आहे. २०१४ मध्ये एफसी गोवाकडून तो आठच सामने खेळला आणि गोल एकच केला, हे खरे. मीही तेव्हा गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर गेलो होतो. वय एकेचाळीस, धाव संपलेली. तरी चेंडू त्याच्या पायाशी आला की शेजारचे काका बोलता बोलता गप्प व्हायचे. (वडील पोर्तुगीज, आडनाव पिरेस, ते गोव्याला परके थोडेच!)

मुद्दा असा की, गोलाआधीचा पास देणाऱ्याचे नाव आपण विसरतो. १९९८ च्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध फ्रान्सच्या लोरां ब्लाँचा गोल्डन गोल (जादा वेळेतला, सामना तिथेच संपवणारा) सगळ्यांना आठवतो. त्याआधीचा क्रॉस पिरेसचा होता. २००० च्या युरो अंतिम सामन्यात डावीकडून इटलीच्या बचावफळीला चकवत त्याने चेंडू मागे दिला, सहकारी त्रेझेगेने तो जाळ्यात मारला आणि फोटो छापून आला त्रेझेगेचा. आणि हा नुसता पास देणारा होता म्हणावे, तर आर्सेनल या इंग्लिश क्लबकडून लीगच्या सलग तीन मोसमांत त्याचे प्रत्येकी १४ गोल आहेत. मिडफिल्डरचे!

मार्च २००२ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. विश्वचषक हुकला आणि फ्रान्स एकही गोल न करता साखळीतच गारद झाला. त्या मोसमात आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. हायबरीवर लीगचा चषक घ्यायला पिरेस लंगडत पुढे आला, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी गुडघे टेकून त्याला लवून मुजरे केले. ते दृश्य मी टीव्हीवर पाहिले, आजही डोळ्यांसमोर आहे.

२००६ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मात्र नशीब उलटले. सामना पॅरिसमध्ये, म्हणजे त्याच्या देशात. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलरक्षक लेमन याला लाल कार्ड मिळाले. राखीव गोलरक्षकाला आत घेण्यासाठी कुणाला तरी बाहेर काढणे भाग होते. प्रशिक्षक वेंगर यांनी पिरेसला काढले. आर्सेनलसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

लेखाशेजारच्या चौकटीत यातली दोन वाक्ये सहज मावली असती.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी