कोड लिहिणाऱ्या बोटांनाही वळण हवे

संपादक महोदय,

नारायण पेठेत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. जीसीसी-टीबीसी या सरकारी संगणक टायपिंग परीक्षेच्या परीक्षार्थींबरोबर हल्ली संध्याकाळच्या बॅचला इंजिनिअरिंगची मुलेही येतात. प्रोग्रॅमचे लॉजिक त्यांना चांगले समजते, पण टाइप करायला बसली की हात अडखळतो. मान खाली घालून महिरपी कंस शोधायचा आणि वर बघेपर्यंत पुढची ओळ डोक्यातून गेलेली, असे चालते.

केवळ उताऱ्यांचा सराव इथे पुरत नाही. मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास झालेली मुलगीही कोडमध्ये मंदावते. चौकोनी आणि महिरपी कंस, सेमीकोलन, अंडरस्कोर, बरोबरचे चिन्ह हे सगळे एकट्या उजव्या करंगळीच्या वाट्याला येते. महिरपी कंसासाठी डाव्या करंगळीने शिफ्ट दाबायची, उजव्या करंगळीने कंस मारायचा. मुले दोन्ही एकाच हाताने करू पाहतात आणि हात जागेवरून सुटतो. टायपिंगचा पहिलाच धडा ‘ए एस डी एफ जी, सेमीकोलन एल के जे एच’ असा आहे. तो नीट घोटला असेल तर सेमीकोलन आयता करंगळीखाली असतो!

वेगाच्या आधी अचूकता, हा माझा आग्रह आहे. सी भाषेत सेमीकोलन राहिला तर कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, लगेच अडवतो. पण पायथन भाषेत बेरीज करताना बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ‘टोटल’च्या स्पेलिंगमधला ‘ए’ गळला, तर त्या चुकीच्या नावाचे नवे व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायचा नवा कप्पा, तयार होते. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि खरी टोटल शून्यच राहते. अशी चूक शोधण्यात अख्खे प्रॅक्टिकल जाते.

मी मुलांना त्यांचाच प्रोग्रॅम पुन्हा टाइप करायला लावते. एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर तर्जनी, नजर पडद्यावर, शब्द आपोआप पूर्ण करणारे ऑटोकम्प्लीट बंद. चुकले की ती ओळ पहिल्यापासून. ज्या चिन्हावर बोट अडते तेवढे वेगळे घोटायचे. वेगाची घाई करू देत नाही, तो मागून येतोच.

‘आता एआय कोड लिहून देते, मग हे कशाला?’ असे पालक विचारतात. एआयने दिलेल्या कोडमध्येही दुरुस्त्या कराव्या लागतातच, आणि त्या करताना नजर चुकीवर हवी, कीबोर्डवर नको.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही कार्यालये पुण्यातच आहेत. विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंग प्रॅक्टिकलमध्ये सुरुवातीची दहा मिनिटे अशा सरावाला द्यावीत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने संगणक टायपिंगच्या परीक्षेत कोडचा एक छोटा उतारा ऐच्छिक म्हणून ठेवावा, आणि त्यात वेगापेक्षा अचूकतेला जास्त गुण असावेत.

— एक टायपिंग शिक्षिका, नारायण पेठ, पुणे